मालूबाईंचं हळदीचं गाणं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. बुऱ्हाणपूरच्या इतवारा भागात वंदना मॅडमच्या घरी असतो. सुटे भाग जमवून त्यांनीच मला उभा केला आणि माझ्यात लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली. दोन हजार आठच्या सुमारास मी त्यांच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका छापायचो, कौतुकही होई. गाणं लावलं की मात्र मी अडायचो. आवाज साठवायच्या तऱ्हा अनेक, आणि प्रत्येकीची उकल करणारं प्लगइन, म्हणजे एक छोटा जोडप्रोग्राम, तेव्हा वेगळं बसवावं लागे.

एकदा बहादरपूरचे उखर्डूभाऊ मेमरी कार्ड घेऊन आले. केळीला पाणी देताना मोबाइल पाटात पडला होता, कार्ड तेवढं वाचलं. त्यात त्यांच्या बायकोचं, मालूबाईंचं, हळदीचं गाणं होतं. घशाच्या ऑपरेशनात मालूबाईंचा आवाज कायमचा गेला होता आणि नातीची हळद चार दिवसांवर आली होती.

मी फाइल घेतली, पण वाजवता येईना. संगणक दुरुस्त करणाऱ्या वामनने पाहिलं आणि फाइल खराब आहे, पुसून टाका म्हणाला. उखर्डूभाऊ जागचे उठले.

"मॅडम, तिचा आवाज येवढाच हाये. पुसू नका."

मॅडमनी पुसली नाही. पडद्यावर मी दाखवलेली सूचना त्यांनी शांतपणे वाचली. फाइल धड होती, माझ्याकडेच एक प्लगइन कमी होतं. इंटरनेट संथ, त्यात दोनदा वीज गेली. तिसऱ्या दिवशी ते एकदाचं उतरलं.

हळदीच्या सकाळी मालूबाई नातीला, सुमनला, घेऊन आल्या. मॅडमनी बटण दाबलं. आधी नुसती खरखर, मग खणखणीत गाणं. मालूबाईंनी माझ्या स्पीकरवर तळहात ठेवला. आवाज त्यांच्या हाताखाली थरथरत होता. गाणं संपेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

सुमन हलकेच म्हणाली, "आजी, आज माझ्या हळदीला तूच गाशील."

मॅडमनी सीडी करून दिली. त्या दिवशी मांडवात बायका सीडीतल्या मालूबाईंच्या मागे म्हणत गेल्या आणि मालूबाई ओठ हलवत त्यांच्यात बसल्या, असं मी नंतर ऐकलं.

आता मॅडमकडे लॅपटॉप आहे. माझ्यावर चादर असते. तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, मित्रांनो. एखादी जुनी फाइल उघडली नाही, तर घाईने पुसू नका. काय कमी आहे ते आधी वाचा. आत कुणीतरी गात असेल.