घोड्यांची भावंडं

हितेंद्र नेमकं काय काम करतो, हे भोईवाड्याच्या त्या चाळीत कुणालाच धड सांगता येत नसे, आणि खरं सांगायचं तर हितेंद्रलाही येत नसे. चाळीने आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता: पोरगा रेसला लागला. आता असं एकदा ठरल्यावर कोण कुणाचं ऐकून घेतो?

ज्या गिरणीत आजोबांची हयात गेली, तिच्याच आवारात आता काचेची इमारत उभी होती, आणि तिच्यात वर कुठेतरी बसून हा पठ्ठ्या दिवसभर आयर्लंडमधले घोडे बघायचा. महालक्ष्मीचे घोडे नुसते धावतात. हे घोडे धावता धावता माणसाच्या छातीएवढी कुंपणं ओलांडतात, आणि तिकडचे शौकीन असे घोडे कोवळ्या वयातच विकत घेतात. जनावर चार वर्षांचं, कुठल्या तरी शेतातल्या चिखलात एक-दोनदा पळालेलं. त्याची ती शर्यत व्हिडिओवर बघायची. कुंपण दिसल्यावर ते कान पुढे करतं की पाऊल चोरतं, उडी मारून उतरल्यावर सावरतं की भेलकांडतं, हे टिपायचं. मग त्याचं घराणं काढायचं आणि पुढे ते काय दिवे लावणार, याचा पानभर रिपोर्ट लिहायचा. हितेंद्रने आयुष्यात एकदाच, चौपाटीला, घोड्याला हात लावला होता आणि तेव्हाही भोकाड पसरलं होतं. त्याच्या शब्दावर परदेशातली शहाणी माणसं घोडे घ्यायला निघाली होती, यात चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा.

एक मात्र झालं होतं. तीन महिन्यांत त्याची नजर चालीवर बसली होती. विक्रीच्या व्हिडिओत घोडा समोरून चालवत आणतात, पाठमोरा चालवत नेतात. पाय आत टाकतो की बाहेर, खांदा कुठे खचतो, ते बघायचं असतं. ही सवय काही ऑफिसात सोडून येता येत नाही. शेजारच्या सलोनीवहिनी जिना चढू लागल्या की त्याच्या मनात यायचं, डावा गुडघा कच्चा, लांबच्या शर्यतीला नको. मग स्वतःचीच लाज वाटायची.

अशात दिगंबर राहायला आला. कोकणातून पोटाच्या ऑपरेशनसाठी आला होता आणि तारीख मिळेपर्यंत त्याला कुठेतरी पथारी हवी होती. परळ-भोईवाड्यात याचं नवल कुणालाच नाही. मोठी हॉस्पिटलं जवळ, त्यामुळे इथल्या प्रत्येक खोलीची कधी ना कधी धर्मशाळा होतेच. नवल वाटलं ते आईचं. हितेंद्रची आई बकुळा म्हणजे पाहुण्याला तिसऱ्या दिवशी एसटीच्या वेळा ऐकवणारी बाई. ती पहाटे उठून याच्यासाठी घावणे घालू लागली. घरात मशीन असताना त्याचे शर्ट हाताने धुवू लागली. तो जेवायला बसला की समोर बसून त्याच्याकडे बघत राहायची, आणि त्याने मान वर केली की घाईने भांडी हलवायची. तो तिला ‘काकी’ म्हणे आणि पानातून नजर वर काढत नसे.

वडिलांचं, म्हणजे तात्यांचंही तेच. छापखान्यातून रिटायर झालेला, कंबर धरलेला माणूस. त्यांनी आपली खाट दिगंबरला दिली आणि स्वतः खाली झोपले.

“कोण गं हा?” हितेंद्रने आईला विचारलं.

“गाववालो,” आई म्हणाली. “आता जेव गप.”

एका सकाळी दिगंबर खांद्यावर टॉवेल टाकून गॅलरीतून नळाकडे निघाला होता, आणि ब्रश तोंडात धरून हितेंद्र त्याच्या मागून चालला होता. सलोनीवहिनी आपल्या दारातून म्हणाल्या, “अरे, मागून बघितलं तर तुम्ही दोघे सेम टू सेम.” हितेंद्र जागच्या जागी थांबला. दिगंबरचं डावं पाऊल किंचित आत वळत होतं आणि त्याच वेळी उजवा खांदा खाली जात होता. वहिनींच्या भावाच्या लग्नाच्या व्हिडिओत हितेंद्रने स्वतःला पाठमोरं बघितलं होतं. तेच पाऊल, तोच खांदा. ही चाल अशी रस्त्यावर पडलेली सापडत नाही. ती घराण्यातून येते, हे तो रोज पानभर लिहीत होता.

म्हणजे हा भाऊ. तात्यांचा मुलगा. दुसरं काही असू शकतं, हा विचार त्याच्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. उलट पुरावे आपोआप रांगेने येऊन उभे राहिले. तात्या दर शिमग्याला एकटेच कोकणात जात. स्वतःचं गाव देवगडकडे, पण उतरत आचऱ्याला. लहानपणी हितेंद्रने हट्ट धरला तरी त्याला कधी बरोबर नेलं नाही. आणि दिगंबर आचऱ्याचाच. हितेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला आईचं कळेना. तिला काही ठाऊक नाही, की सगळं ठाऊक असून ती बिचारी गिळून बसली आहे? नवऱ्याच्या बाहेरच्या पोराचे शर्ट धुवायला माणसाकडे केवढं काळीज लागत असेल?

तात्या संध्याकाळी देवळासमोरच्या कट्ट्यावर बसत. त्याने तिथेच त्यांना गाठलं.

“तात्या, दिगंबर तुमचा कोण?”

“गाववाला.”

“ते आपलं गाव नाही. दर शिमग्याला तुम्ही तिथेच जायचात ना? मी आंधळा नाही, तात्या. तो माझ्यासारखा चालतो. तो माझा भाऊ आहे.”

तात्यांचा चेहरा आवळला गेला. “कुणी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला पाहिजे? दिवसभर तेच काम करतो मी. तो तुमचा मुलगा आहे.”

आणि इथे हितेंद्रला काहीच उलगडेना. कारण हे ऐकल्यावर तात्यांचा चेहरा सैल पडला. पकडला गेलेला माणूस असा सैल कसा पडेल? ते समोरच्या फुलवाल्याकडे बघत म्हणाले, “हो. माझाच.”

“आणि आई?”

“तिच्याजवळ एक अक्षर काढायचं नाही. काय बोलायचं ते मला बोल.”

हितेंद्र काहीच बोलला नाही. त्या क्षणी नाही आणि पुढचे चार दिवसही नाही. चहाचा कप तात्यांनी पुढे केला तर तो उठून जाई. हाच माणूस लहानपणी त्याला खांद्यावर घेऊन लालबागचे गणपती दाखवायचा, हे आठवलं की त्याला जास्तच राग येई आणि रडूही येई. आई दोघांच्या तोंडाकडे बघत बसे. त्यात दिगंबर एकदा भाजी निवडता निवडता आपणहून म्हणाला, “माझो बापूस माका आठवणा नाय. होडयेर गेलो, तो परत इलोच नाय.” हितेंद्रला त्याची दया आली. मग वाटलं, नाटक तर करत नाही? मग वाटलं, यालाही फसवलंय. तो जेवढा विचार करी तेवढा गुंता वाढत होता.

ऑफिसात ऋताने त्याला बोलावलं. ती टीमची प्रमुख, दादरची, शब्द तोलून बोलणारी. तिच्यासमोर हितेंद्रचा एक रिपोर्ट उघडा होता: तपकिरी घोडा, चार वर्षांचा, चिखलात एकदाच पळालेला आणि तिसरा आलेला.

“याचे सहा भाऊ जिंकलेत, हे कुठून आणलंस?”

“सगळे त्याच्या बापाचेच मुलगे आहेत. नावं दिलीत खाली.”

ऋताने डोळे मिटून घेतले. “अरे, ते भाऊ नव्हेत. एका घोड्याला वर्षाला शेकड्याने पोरं होतात, सगळीच भावंडं म्हटली तर निम्मं आयर्लंड भाऊ-भाऊ होईल. या धंद्यात भावंडं फक्त आईकडून मोजतात. एका घोडीची ती भावंडं, बाप कुणीही असो.”

“पण भाऊ म्हणजे एका बापाचा...”

“तो आपल्याकडे. घाबरू नकोस, पहिल्यांदा मीही हेच करून बसले होते. आपल्या इथल्या प्रत्येकाचं इथेच चुकतं, आणि तिकडच्या लोकांना कळतच नाही की हे असं का लिहितात. आता याची आई बघ. तिची आणखी पोरं कोण, ती कशी पळाली, ते काढ.”

हितेंद्र जागेवर आला आणि त्याने त्या घोडीचं नाव शोधलं. तिचं थोरलं पोर निघालं, दुसऱ्याच बापाचं. त्याचा व्हिडिओ लावला. कुंपणाच्या आधी ते एक आखूड पाऊल टाकायचं आणि मग उडी घ्यायचं. धाकटाही अगदी तसंच करायचा. हितेंद्रने ती उडी पुन्हा पुन्हा बघितली. मग तो पडद्याकडे नुसता बघत राहिला, कारण त्याला तात्यांची चाल आठवली. तात्यांची पावलं सरळ पडतात. बाहेर झुकली तर झुकतील, आत कधीच नाही. हे त्याला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी त्याने निम्म्याच घराण्यावर निकाल देऊन टाकला होता.

डोकं दुखतंय असं सांगून तो उन्हातच निघाला. भोईवाड्याच्या मार्केटात आई पुढे चालली होती, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात कोथिंबीर. त्याने हाक मारली नाही, मागे मागे चालत राहिला. आईला त्याने रांधताना बघितलं होतं, भांडताना, झोपताना, आजारी पडलेलं बघितलं होतं. चालताना कधी बघितलंच नव्हतं. डावं पाऊल आत वळत होतं आणि उजवा खांदा खाली जात होता.

तात्या कट्ट्यावर होते. हितेंद्र त्यांच्या शेजारी बसला.

“तुम्ही खोटं बोललात,” तो म्हणाला.

तात्यांनी आजूबाजूला कुणी ऐकतंय का ते बघितलं.

“दिगंबर आईचा आहे.”

“हळू बोल,” तात्या म्हणाले. मग आपणच बोलायला लागले. “तिचा पहिला नवरा समुद्रात गेला तेव्हा हा पाळण्यात होता. आमचं जमलं तेव्हा मी सांगून पाठवलं, पोराला घेऊन ये. पण तिच्या सासरच्यांनी नाही दिला. म्हणाले, पोर आमच्या घराण्याचं, बाईला जायचं तर जाऊ दे, परत आमच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. बंदी तिला होती. मला नव्हती. मग मी जायचो.”

“शिमग्याला.”

“खाऊ घेऊन, कपडे घेऊन. ‘आवशीकडलो माणूस इलो’, आईकडचा माणूस आला, म्हणून धावत यायचा. ही आपली आई हे त्याला ठाऊक आहे, पण तोंडातून काकीच येतं. परत आलो की ही विचारत बसायची, केवढा झाला, कसा दिसतो. मला कुठे असलं सांगता येतं? मी म्हणायचो, तुझ्यासारखा चालतो.”

हितेंद्र त्यांच्याकडे वळला. “मग मला का तुमचा म्हणून सांगितलंत? चार दिवस मी तुमच्याशी बोललो नाही, तात्या.”

“तू ठरवूनच आला होतास ना. म्हटलं ठीक आहे, माझ्यावर रागव. मला चालतं.” तात्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. “एक पोरगा तिला बघायला मिळाला नाही. दुसऱ्यानेही तोंड फिरवलं असतं, तर ती काय करणार होती?”

हितेंद्रला तिथे, भर रस्त्यावर, त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण त्यांच्या घरात तसं कुणी कधी केलं नव्हतं आणि कसं करतात ते त्याला माहीतही नव्हतं. तो नुसता त्यांना चिकटून बसला.

“आईला सांगू, मला कळलं म्हणून?”

“मला काय विचारतोस? तुझी आई आहे.”

दोघे घरी आले. तात्या दारात चपला काढत होते. आई खाली बसून कोथिंबीर निवडत होती. हितेंद्र तिच्यापुढे बसला आणि त्याने एक जुडी उचलली, जन्मात हे काम कधी केलं नसताना.

“आई, मी दिगंबरला दादा म्हटलं तर चालेल?”

आईची बोटं थांबली. तिने त्याच्याकडे बघितलंच नाही, दाराकडे बघितलं. “तात्यांनी सांगितल्यानी?”

“नाही. तात्यांनी तर तो त्यांचाच मुलगा म्हणून सांगितलं. मी त्यांच्याशी बोलत नव्हतो ना, ते त्यासाठीच.”

आईने हातातली जुडी खाली ठेवली. चार दिवस ती बाप-लेकाला एकाच पंगतीत वाढत होती आणि हे एवढं तिच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. मग ती नवऱ्याला म्हणाली, “तुमचो म्हणून सांगितलात?”

“भूक लागलीय,” तात्या म्हणाले. “वाढ आता.”

ती उठली नाही. “तेवा त्या घरच्यांनी दिल्यानी असतो, तर तुमचोच झालो असतो,” ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. तात्या एक चप्पल हातात घेऊन उभे राहिले. आत यावं की बाहेर जावं, ते त्यांना कळेना.

तेवढ्यात दिगंबर हॉस्पिटलातून परत आला. हातात कागदांची पिशवी, ऑपरेशनची तारीख मिळाल्याचा आनंद तोंडावर. रडणारी बकुळा, दारातले तात्या आणि कोथिंबीर धरून बसलेला हितेंद्र बघून तो उंबऱ्यावरच थांबला.

“काय झाला?” त्याने विचारलं.

आई पदराआडून त्याच्याकडे बघत होती. हितेंद्र उठला आणि त्याने त्याच्या हातातली पिशवी घेतली.

“काय नाय, दादा,” तो म्हणाला. “आत ये. आई तुझीच वाट बघत होती.”