मधाची भाकर आणि तिच्यावरची नावं

मित्रांनो, माझ्या अंगावरची अक्षरं उलटी आहेत, म्हणून हसू नका हं! मी ख्रिस्ती देवळातल्या वेदीच्या भाकरीवर उमटवायचा लाकडी ठसा आहे. मी उलटा राहिलो, तरच भाकरीवर नाव सुलट उमटतं. एवढंच माझं जगणं, आणि त्यासाठी मी देवाचा ऋणी आहे.

वाऱ्याने पडलेल्या ऑलिव्हच्या फांदीतून आमच्या बेटावरच्या एका होडीवाल्याने मला कोरलं. मधोमध चौकोन, त्यात क्रूस, आणि क्रूसाच्या चार कोपऱ्यांत मिळून तीन शब्द: येशू ख्रिस्त विजयी. तो गेल्यावर त्याच्या सुनेने मला वाकड्या चमच्यांसोबत खणात टाकलं. किड्यांनी माझी कड कुरतडली. मग एक दिवस शेजारच्या एवान्थियामावशी चमचा मागायला आल्या आणि मलाच घेऊन गेल्या. त्यांनी मला तेल चोळलं, फादर अंथिमोस यांच्याकडून आशीर्वाद मिळवून दिला, आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं.

दर शनिवारी सकाळी मावशी दिवा लावत, प्रार्थना म्हणत आणि मगच पिठाला हात लावत. गावातली मुलं परातीभोवती जमत.

"हा चौकोन कुणाचा रे?" मावशी विचारत.

"देवाच्या कोकराचा!"

"आणि येशू म्हणजे?"

"तारणारा!"

"ख्रिस्त?"

"अभिषिक्त! देवाने तेल लावून नेमलेला राजा!"

"मावशी, इथे तो कोकरू आणि प्रार्थनेत मेंढपाळ, असं कसं?" मानोलिसने एकदा विचारलं. "आमचं कोकरू तर स्वतःच हरवतं."

सगळी हसली. मावशीही हसल्या. "अरे, या स्तामातियाच्या बाबांना जहाजावर सगळे कप्तान म्हणतात. घरी ही बाबा म्हणते. आजी अजून 'पोरा' म्हणून हाक मारते. मग ते काय तीन माणसं आहेत? एवढ्या मोठ्या प्रेमाला एक नाव कसं पुरेल? तो आपल्याला शोधतो तेव्हा मेंढपाळ, आपल्यासाठी जीव देतो तेव्हा कोकरू, भूक भागवतो तेव्हा जीवनाची भाकर."

सगळी हसत होती, स्तामातिया मात्र खिडकीतून समुद्राकडे पाहत होती. समुद्रात मोठं वादळ झालं होतं आणि तिच्या बाबांच्या, याकुमिसच्या, जहाजाची काहीच खबर नव्हती. रविवारच्या भाकरीसोबत जिवंतांची आणि गेलेल्यांची नावं घेतात. बाजारात बायका कुजबुजत, "याकुमिसचं नाव आता कुठे घ्यायचं गं?"

"उद्याची भाकर मी मळणार," ती म्हणाली. "बाबांचं नाव जिवंतांतच घ्यायचं."

तिने जीव ओतून पीठ मळलं. मावशी दिव्यात तेल घालायला वळल्या, तेवढ्यात तिने कणकेत काहीतरी ओतलं. मग मला कणकेवर घट्ट दाबलं. छातीवर चिकटपणा जाणवला, पण मला बोलता कुठे येतं?

भट्टीतून भाकर निघाली ती लालसर, घमघमणारी. मावशींनी वास घेतला.

"काय घातलंस गं?"

"मध. जीवनाची भाकर ना? मग ती गोड नको? बाबांना गोड आवडतं."

मावशींनी कपाळाला हात लावला. वेदीच्या भाकरीत पीठ, पाणी, मीठ आणि खमीर, बस! दुसरं काही चालत नाही. फादर भाकर न्यायला आले. त्यांनी ती हातात फिरवली आणि हळूच म्हणाले, "बाळ, ही वेदीवर नाही चालणार."

"मग बाबांचं नाव?" तिने फादरांची बाही धरली. "आता त्यांना गेलेल्यांत घालणार?"

फादर तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "कोण म्हणतं? आज संध्याकाळी पाच भाकरींचा आशीर्वाद आहे. त्या गोडच असतात, नंतर सगळ्यांना वाटतात. आणि ती प्रार्थना फक्त जिवंतांसाठी असते, कळलं?"

"पण ही तर सहावी होईल!"

"होऊ दे. ज्या येशूने पाच भाकरींत हजारोंना जेवू घातलं, तो काय मोजायला बसणार आहे?"

संध्याकाळी देवळात मेणबत्त्यांच्या उजेडात मावशींनी मला शालीखाली धरलं होतं. फादरांनी मोठ्याने नाव घेतलं: "याकुमिस." कुजबुजणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. मग भाकर वाटली. स्तामातियाने पहिला तुकडा त्या बायकांनाच नेऊन दिला.

बुधवारी फोन आला. जहाज एका परक्या बंदरात अडकलं होतं. बाबांचा पाय मोडला होता, पण ते सुखरूप होते. सगळं गाव नाचलं. पण मित्रांनो, मला विचाराल तर स्तामातिया शांत झोपली ती शनिवारीच, खबर यायच्या आधी.

माझ्यासारखे जुने ठसे तुमच्याही घरात असतील. त्यांना पाण्यात बुडवू नका, खणात टाकू नका. कोरड्या फडक्याने पुसा, थेंबभर तेल लावा. आणि तुमचं कुणी दूर असेल, तर त्याचं नाव मनात दडपून ठेवू नका. मोठ्याने घ्या, जिवंतांत घ्या.