लोखंड बाहेर ठेवा

पृथ्वीभोवती विजेनं भारलेल्या कणांचे पट्टे आहेत आणि सूर्य खवळला की ते डुचमळतात, असं सिद्रामनं कुंभारीत सांगितलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. म्हणून तो सांगत नसे. गावाबाहेरच्या माळावर तो एकटाच सांभाळत असलेलं सरकारी वेधकेंद्र होतं, म्हणजे एक दगडी खोली. आत चुंबकाची सुई. वर खळबळ झाली की सुई हलायची आणि कागदावरची रेघ वाकडी व्हायची. त्या रेघेवरून पट्ट्यांचा अभ्यास करण्यात त्याची उमेदीची वर्षं चालली होती.

सुईला लोखंडाचं भारी वावडं. खोलीला खिळासुद्धा पितळेचा, कुंपणही तारेचं नाही, शेराच्या झुडपांचं. फाटकावर पाटी: 'लोखंड बाहेर ठेवा.' सायकल बाहेर, विळा बाहेर, किल्ल्या बाहेर. एवढं सोवळं पाळून गप्पा मारायला कोण येणार? हळूहळू माणसंही बाहेरच राहिली.

बहात्तरच्या उन्हाळ्यात दुपारच्या रेघेत अधूनमधून एक उंचवटा दिसू लागला. दुसऱ्या कुठल्याच वेधशाळेत तो नव्हता. म्हणजे कुणीतरी लोखंड आत आणत होतं. असल्या नोंदी आल्या तर केंद्र बंद करू, असं वरिष्ठांनी बजावलं. सिद्रामचं डोकंच फिरलं. एका दुपारी तो दबा धरून बसला आणि चाहूल लागताच खोलीमागं धावला.

भिंतीच्या सावलीत आप्पा बसले होते. त्याचे वडील. गिरणीत पाय चिरडल्यापासून पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार बांधलेला. तो सोडला तर पाऊल टाकता येत नसे. म्हणूनच तर सिद्रामनं त्यांना इथं कधी बोलावलं नव्हतं.

"तू आत कामात असतूस," आप्पा म्हणाले. "म्हटलं, हितंच टेकावं घटकाभर. बरं वाटतं."

"आप्पा, पायात लोखंड हाय की!" सिद्रामच्या तोंडून आधी हेच गेलं. पाणी विचारायचंही सुचलं नाही.

"व्हय रं. ध्यानातच आलं न्हाय." आप्पा भिंत धरून उठले आणि पाय ओढत एसटीच्या रस्त्याला लागले. पुन्हा आले नाहीत.

ऑगस्टात सूर्य असा खवळला की रेघ कागदाबाहेर जायची वेळ आली. सिद्रामची नोंद अगदी निर्मळ उतरली. शाबासकीची तार आली. ती हातात घेऊन तो माळावर उभा राहिला. दाखवायला कुणी नव्हतं. इतकं एकटं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

रविवारी तो सोलापूरला आप्पांच्या खोलीवर गेला. तार वाचून दाखवली. आप्पांना कळलं काहीच नाही, पण चेहरा फुलला.

"माझ्यासंगं चला की, आप्पा. चार दिवस ऱ्हावा."

"नगं रं." आप्पा रागानं नव्हे, मायेनंच म्हणाले. "तुजी रेघ बिघडती."

बिघडू द्या की, एवढंच म्हणायचं होतं. ते काही सिद्रामच्या तोंडून निघालं नाही. त्यानं तार घडी करून खिशात घातली आणि कुंभारीची एसटी धरली.