बदामी भिंत

सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पंधरवड्याने आम्ही घर रंगवायला काढलं. रंगारीकाकांनी हॉलच्या भिंतीवर तीन रंगांचे पट्टे मारून दाखवले. सासूबाईंनी मधल्यावर बोट ठेवलं.

"हा पिवळसर बरा आहे."

"आई, तो पांढरा आहे," मी म्हटलं.

त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. "अगं, गंमतच आहे! डाव्याने पिवळसर दिसतो, उजव्याने पांढराशुभ्र!"

मग त्या एकेक डोळा झाकत पडदे, चादरी, माझी ओढणी बघत घरभर हिंडल्या. रंगारीकाकाही ब्रश खाली ठेवून मागोमाग. अंगणात आल्यावर मात्र त्या थबकल्या.

"ही बाहेरची भिंत राखाडी आहे? मी तर इतकी वर्षं बदामी समजत होते. कुणी बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"आजी, दुसरं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ना?" रंगारीकाकांनी विचारलं. "मग आता कुठल्या डोळ्याचं ऐकू?"

सासूबाईंनी जरा विचार केला. "आत उजव्याचं ऐका, पांढराच द्या. बाहेर मात्र बदामी. मला एकटीला दिसत होती, आता सगळ्यांना दिसू दे."

रंगारीकाका अंगणातच डबे मांडून बसले. त्यांनी रंग कालवायचा, आणि सासूबाईंनी डाव्या डोळ्याने भिंत, उजव्याने नमुना बघून मान हलवायची. चौथ्या खेपेला दोन्ही डोळ्यांचं एकमत झालं.