छपरापायी गेलेला पुतळा

मी एक जुना ब्राँझचा पुतळा आहे, मित्रांनो. आमच्या थॉर्नगिल गावच्या इलायजा थ्वेटचा. इलायजा क्वेकर होता, म्हणजे साधेपणाने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा. राजापुढेही टोपी न काढणारा आणि उपासमारीच्या वर्षी गावाला जेवू घालणारा. क्वेकरांना पुतळ्यांचं भारी वावडं. तरी गिरणीमालकाने हौसेने मला ओतून घेतलं आणि त्यांच्याच प्रार्थनागृहाच्या खिडकीबाहेर उभं केलं. पहिल्या दिवशी टाळ्या झाल्या, नंतर कबुतरं आली. मला ना टाळ्यांचं सुख झालं, ना कबुतरांचं दुःख.

माझी विचारपूस करायची ती एकटी टॅबिथा, इलायजाची म्हातारी पणती. दर रविवारी प्रार्थनेनंतर ती ओल्या फडक्याने माझं तोंड पुसायची. "बघ कसा माखलायस," म्हणायची. "पणजोबा झालास म्हणून अंघोळ सुटते का?" तिला बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

मग गिरणी बंद पडली. प्रार्थनागृहात बुधवारी बेकार कामगारांना जेवण मिळू लागलं, आणि त्याच हिवाळ्यात छप्पर गळायला लागलं. मला भंगारात विकून ते दुरुस्त करावं, असं सगळ्यांच्या मनात आलं. पण क्वेकरांत हात वर करून निकाल लावत नाहीत. एकाचंही मन मानत नसेल, तर सगळे गप्प बसून वाट पाहतात.

"टॅबिथा, तुझं मन काय म्हणतं?" सभा चालवणारा रूबेन प्रत्येक सभेत विचारायचा.

"अजून नाही मानत."

"बरं. थांबू."

तिला कोणी टोचून बोललं नाही. छप्पर गळतच राहिलं.

एका बुधवारी ती सूप वाढत होती. वाडग्यावर कोट धरून जेवणारा एक कामगार तिला म्हणाला, "आजीबाई, तुमचं सूप संपतच नाही बघा. जेवढं पितो, तेवढं वरून भरतंय."

सगळे हसले. टॅबिथा मात्र बाहेर माझ्यापाशी आली.

"तू भिजलास तरी तुला काही होत नाही रे," ती म्हणाली. "त्यांना होतं."

पुढच्या सभेत रूबेनने विचारायच्या आतच ती म्हणाली, "मानलं माझं मन."

आता भंगारवाल्याची गाडी दारात उभी आहे. मला वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही. तिला वाटतंय. ती आज बाहेर आलेली नाही.

मित्रांनो, पुतळ्यांची निगा राखा, असं मी सांगणार नाही. येत्या रविवारी प्रार्थना संपली की टॅबिथाला घरापर्यंत सोबत करा. वाट चढणीची आहे, आणि घरी दिवा लावायला कोणी नाही.