लसूण कमी आहे

डेन्व्हरच्या चेरी क्रीकमधलं ते हॉटेल बघून एर्लिंडा आर्चुलेटाने नाक मुरडलं. भिंतींना मातीचा रंग, छताला टांगलेल्या मिरच्यांच्या माळा आणि त्यांच्यावर दिवे सोडलेले. तिच्या गावी, ट्रुचसला, या माळा वाळतात आणि पोटात जातात. इथे म्हणे शोभेला! पण हॉटेल लेकाचं, लियांड्रोचं होतं आणि आज पहिलाच दिवस, म्हणून ती गप्प बसली.

वसंतात तिच्या जिभेवरच्या कॅन्सरच्या गाठीला किरणं दिली होती. गाठ गेली, ती चव-वास दोन्ही घेऊन गेली, आणि डॉक्टर म्हणाले, परत येईलसं वाटत नाही. लियांड्रोला तिने घसा धरलाय एवढंच सांगितलं होतं. नाहीतर हॉटेल अर्धवट टाकून धावत आला असता, त्याचा स्वभावच मेला तसला. गाडी चालवत सोबत आलेली धाकटी बहीण ओफेलिया वाटभर कानीकपाळी ओरडत होती, की आज सांगून टाक. हिने ऐकलं असेल तर शपथ.

वेटरने रस्सा लाल मिरचीचा की हिरव्या विचारलं, एर्लिंडा लाल म्हणाली. थाळी घेऊन लियांड्रो स्वतःच आला. लाल मिरचीच्या रश्श्यात शिजलेलं डुकराचं मांस. पुढ्यात ठेवून तो उभाच राहिला.

आर्चुलेटांच्या घरात स्वयंपाकाचं कौतुक पाहुण्यांनी करायचं. घरच्या माणसाने एक घास खायचा आणि काय कमी आहे ते सांगायचं. कितीही छान झालेलं असो, एक खोट काढायचीच, तीच शाबासकी. स्टुलावर चढून रस्सा ढवळायचा तेव्हापासून पोरगा आईच्या त्या एका वाक्याची वाट बघत आलेला.

"काय कमी आहे, आई?"

तिने घास घेतला. तोंडात नुसती आग, बाकी काही नाही. छान म्हणावं तर लगेच पकडली जाणार. मग आठवलं, लसूण घालताना पोराचा हात कायम आखडतो.

"लसूण कमी आहे," ती म्हणाली. "आणि मिरची करपलीये जराशी. एवढं हॉटेल काढलंस, लक्ष कुठे असतं तुझं?"

ओफेलिया हसली. लियांड्रो खुर्ची ओढून आईशेजारी बसला.

"आई, हा रस्सा मी केलेलाच नाही. गेल्या नाताळात तू करून डबा दिला होतास ना, तो फ्रीजरमध्ये जपून ठेवला होता. मी नुसता गरम केलाय. वाटलं, पहिल्या घासालाच ओळखशील."

एर्लिंडा थाळीकडे बघत राहिली. पोरापुढे खोटं पडल्याची लाज वाटलीच, पण स्वतःच्या हातचं ओळखता आलं नाही याने तिला रडू कोसळलं. शेवटी ओफेलियानेच त्याला सगळं सांगितलं. आतून त्याला हाका येत होत्या.

"जा रे, लोक खोळंबलेत," एर्लिंडा म्हणाली.

तो उठला नाही.

"मग आता माझ्या रश्श्यात काय कमी पडतंय," तो म्हणाला, "ते मला कोण सांगणार गं?"

तिने त्याचा हात धरला.