खणामागची मोटर

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. गाडीत पुढे डावीकडे बसलात की समोर कागदपत्रं ठेवायचा खण दिसतो ना, त्याच्या मागे मी कोंडलेली असते. माझ्या अंगाला पंख्याचं गोल चाक आहे. बटण फिरवलं की मी वारा फेकते. पावसात आतून काच धुरकट होते, ती मीच साफ करते. नाव मात्र एसीचं! मला ना खिडकी, ना उजेड.

आमची गाडी वेसाव्याच्या सरूबाईंची. त्या अंधेरीच्या बाजारात मासे विकतात आणि गाडी त्यांची सून मधुवंती चालवते. "झकास वारा आहे गं!" असं सरूबाई म्हणायच्या आणि मी जीव तोडून फिरायचे.

गेल्या दसऱ्यानंतर माझ्या चाकात काहीतरी शिरू लागलं. अंधारात काय कळणार? मी घुसमटले, गुरगुरले. मधुवंतीने काय करावं? गाणी मोठ्याने लावली! पावसाळ्यात तर चाक पार अडकलं. काच पांढरी झाली, मधुवंती ओढणीने पुसत राहिली आणि समोरच्या रिक्षाला धडकता धडकता वाचली. माझ्या अंगात करंट येत होता, पण हलता येत नव्हतं. फार रडू आलं मला.

दोघींनी गाडी जोगेश्वरीला राजाराम मेकॅनिककडे नेली. त्याने वायर तपासली. "करंट येतोय, मोटर हलत नाय. म्हणजे मोटर गेली. नवीन टाकू."

गेली? अरे, मी इथेच आहे! पण खरं सांगू, मनातून मी सुखावलेही. भंगारात का होईना, उघड्यावर तर पडेन.

"थांब रे," सरूबाई म्हणाल्या. "कल्ला उघडून बघितल्याशिवाय गिऱ्हाईक माझा मासा घेत नाय. आधी जुनी काढ आणि फिरवून दाखव."

खण निघाला, स्क्रू सुटले, मी खाली आले. चाकातून सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या भसाभस सांडल्या.

"मावशी, दसऱ्याचा हार कुठे घातला होता?"

"बाहेर, पुढच्या काचेखाली, त्या जाळीवर. आपोआप गळेपर्यंत मी हार काढत नाय."

"त्याच जाळीतून हवा आत येते, मावशी!"

"आई, तुमच्या हारानेच वाट लावली ना!" मधुवंती हसत सुटली.

माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. अंगावर ऊन पडलं होतं आणि दाराशी जुन्या सामानाचा ढीग होता. वाटलं, आता फिरूच नये. फिरले नाही की सुटले.

राजारामने बॅटरीच्या दोन वायरी मला लावल्या.

मी फिरले. फिरणं न फिरणं माझ्या हातात कुठे आहे! सरूबाईंच्या कपाळावरचे केस उडाले. "अगं बाई, जिवंत आहे की ही! हीच बसव." त्यांचा चेहरा इतका खुलला की मलाही क्षणभर बरं वाटलं. मग स्क्रू आवळले, खण लागला आणि पुन्हा अंधार झाला.

मित्रांनो, तुमच्याही गाडीत माझी एखादी बहीण असेल. ती बंद पडायची वाट बघू नका. वर्षातून एकदा तिला बाहेर काढा, पुसा, घटकाभर उन्हात ठेवा. घाबरू नका, ती पळून जाणार नाही. आम्हाला पाय नाहीत.